माणसं जास्त झाली म्हणून गाव सुटत नाही

दिवाळी उरकली की मराठवाड्यात दोन गोष्टी न चुकता होतात. माणसं ऊसतोडीला निघतात तशी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं अर्धीनिम्मी रिकामी होतात, आणि त्या रिकाम्या गावांवर जिल्ह्याच्या ठिकाणी परिसंवाद भरतात. हा लेख परिसंवादांबद्दल आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडून माणसं का जातात यावर बरंच लिहून झालंय. पण त्यावर वाद घालायची जी रीत पडून गेली आहे, तिने प्रश्न सोपा करण्याच्या नादात पार बिघडवून ठेवला आहे.

एका बाजूचं म्हणणं असं : जमीन काही वाढत नाही, खाणारी तोंडं वाढतात, लोक बाहेर पडणार नाहीत तर काय करतील? दुसरी बाजू म्हणते : एक्क्याण्णव साली दारं उघडली, कापूस-सोयाबीन जगाच्या बाजारात जाऊन पडलं, शेतकरी उघड्यावर आला, लोक बाहेर पडणार नाहीत तर काय करतील? दोन्हीकडचे वक्ते एकमेकांवर तुटून पडतात आणि दोघांचं शेवटचं वाक्य मात्र एकच असतं. एकाने दोष पाळण्यावर ढकललेला असतो, दुसऱ्याने जिनिव्हातल्या व्यापार संघटनेवर. जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या, साखर कारखान्याच्या शेतकी विभागातल्या कुणाकडे बोट दाखवायची वेळच येत नाही. म्हणूनच तर व्यासपीठावर कारखान्याचे अध्यक्ष बसलेले असले तरी परिसंवाद सुरळीत पार पडतो, आणि वक्त्यांना शाल-श्रीफळ त्यांच्याच हस्ते मिळतं.

माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. लोकसंख्यावाढ खरी आहे, जागतिकीकरणही खरं आहे, आणि दोन्हींमुळे माणूस हलतो यातही खोटं काही नाही. पण तो कोणत्या अटीवर हलतो, हे या दोन्हींपैकी कुणीच ठरवत नाही. एकाच गावातला एक पोरगा नेमणुकीचं पत्र घेऊन हिंजवडीला जातो आणि दुसरा ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन, बायकोसकट, करवीरच्या उसाच्या फडावर जातो. दोघांच्या गावाची लोकसंख्या एकच, दोघांच्या बापाने विकलेल्या सोयाबीनचा भावही एकच. मग फरक कुठून आला? तो आला पाण्यातून, जमिनीतून, जातीतून, शाळेतून आणि मजुरीच्या करारातून. या सगळ्या गोष्टींचे निर्णय महाराष्ट्रातच होतात, आणि ते घेणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत.

आता लोकसंख्येच्या बाजूने जे खरोखर वजनदार आहे, ते मान्य करू. १९६१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख होती. २०११ मध्ये ती ११ कोटी २४ लाख झाली. १९७०-७१ च्या कृषिगणनेत राज्यात सरासरी वहितीखालचं क्षेत्र खातेदारामागे ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. चार भावांत वाटण्या झाल्या, विहिरीत चौथा हिस्सा आला, सातबाऱ्यावर दहा नावं चढली, बांधावरून कोर्टकचेऱ्या लागल्या. हे नाकारणारा माणूस तलाठ्याच्या सज्जात कधी पाऊल टाकलेला नसावा. तीन एकर कोरडवाहूत दोन संसार चालत नाहीत, आणि त्या जमिनीने बाहेर ढकललेली माणसं आहेतच.

पण ढकलणं हेच जर मूळ कारण असेल, तर लोकसंख्या घटली की माणसं थांबायला हवीत. तसं होतं का? आपल्याच राज्यातलं कोकण बघा. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली तर नाहीच, उलट कमी झाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या, कारण पुरुष मुंबईत. म्हणून चाकरमानी गावाकडे परतले? केरळ बघा. तिथला जननदर १९८०च्या दशकाच्या अखेरीसच लोकसंख्या स्थिर ठेवण्याइतका खाली आला होता. पाळणा आटोक्यात आला आणि आखातात जाणाऱ्यांची रांग त्यानंतरही लांबतच गेली. त्याहून बोलका दाखला आयर्लंडचा. १८४१ साली तिथे ८० लाखांवर लोक होते. पुढच्या दशकात बटाट्यावर रोग पडला, सुमारे १० लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच जहाजांत बसून देश सोडून गेली. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जात होतं. इंग्रज अधिकाऱ्यांनी, लोकसंख्या अन्नधान्याच्या पुढे धावते असं सांगणाऱ्या माल्थसचं पुस्तक वाचलेलं होतं, त्यामुळे माणसं फार झाली होती हे उत्तर त्यांच्यापाशी तयारच होतं. पण नंतर पन्नास वर्षं लोकसंख्या सतत घटत राहिली आणि तरीही आयरिश माणूस बाहेर जातच राहिला, याचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं. ते जमिनीचा खंड आणि कुळं यांच्या हिशेबात होतं. जमीनदार कुळांना घराबाहेर काढून शेतात गुरं सोडत होते.

मराठवाड्याकडे येऊ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. आईबापाच्या दोन माणसांच्या जागी दोनसुद्धा येत नाहीत, असा त्याचा अर्थ. तरीही व्यासपीठावरून ‘तोंडं वाढली’ हे पालुपद चालूच आहे. आणि मराठवाड्यात माणसं खरोखरच उरून चालली असतील, तर जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत भट्टीपाशी उभं राहायला बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून मजूर का आणावे लागतात? ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली गेलेले १६ जण मध्य प्रदेशातले होते आणि जालन्यात कामाला होते. टाळेबंदीत काम बंद पडल्यावर भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल, या आशेने ते रुळांच्या कडेकडेने चालत निघाले होते आणि थकून रुळांवरच झोपले. ज्या भागातून लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर जातात, त्याच भागात लोखंड वितळवायला शेकडो कोसांवरून माणसं येतात. आपला माणूस जालन्याला का जात नाही? जालन्याच्या भट्टीतही काही फार मान नाही. पण बीडचा माणूस आधीच दुसऱ्याच्या उचलीत अडकलेला असतो, आणि भट्टीवाल्यालाही लांबून आलेला, रात्रंदिवस आवारातच राहणारा, गावकीत कुणी नसलेला मजूर बरा पडतो. ‘शिल्लक माणसं’ हा शब्दच मुळात हिशेब न करणाऱ्यांचा आहे.

एक बाब तर अशी आहे, की तिथे कार्य आणि कारण यांची जागाच उलटी लावली जाते. ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजत नाहीत; नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला कुणी पूर्ण उचल देत नाही, दिली तर अर्ध्या कोयत्याची. त्यामुळे पोराच्या ओठावर मिसरूड फुटली की त्याला ‘जोडी’ लावायची घाई होते. तिकडे मुलीच्या आईबापाला वयात आलेली पोर सहा महिने गावात एकटी ठेवण्याची धास्ती असते, आणि फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, न्यायची त्याहून जास्त. मग सोळाव्या वर्षी लग्न लागतं. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्के होतं आणि बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या वर. लवकर लग्न म्हणजे लवकर बाळंतपण, म्हणजे पुढची पिढी पाच-सात वर्षं आधी. पोरं झाली म्हणून हे लोक कोयता घेतात, असं शहाणी माणसं सांगतात. कोयता घ्यायचा म्हणून लग्न होतंय आणि पोरंही होतायत, हे त्यांना दिसत नाही.

आता दुसरी बाजू. तिचाही जो मुद्दा खरा आहे तो कापून टाकण्यात अर्थ नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव काय निघेल हे लातूरच्या हातात राहिलेलं नाही. ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक, मलेशिया-इंडोनेशियाचं पामतेल, पेंडीची निर्यात, आयातशुल्क, सगळं त्या एका बोलीत येऊन बसतं. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांपुढे गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि शेतकरी चार-सव्वाचार हजारांनी माल घालून गावाकडे परतत होता. ज्वारीचा पट्टा सोयाबीनखाली गेला. म्हणजे घरातलं धान्य गेलं, कडबा गेला आणि हातात राहिला तो भाव. त्या भावावर पोराचं पुण्यातलं क्लासचं भाडं ठरतं.

तरी नीट बघा. सोयापेंड समुद्र ओलांडून आपोआप आली नाही; दिल्लीत एका खात्याने काढलेल्या आदेशावर ती आली. जागतिकीकरण म्हणजे आभाळातून पडणारी गार नव्हे, की आपण नुसतं डोक्यावर घमेलं धरून उभं राहावं. शुल्क कुणी कमी केलं, कधी केलं, काढणीच्या तोंडावर का केलं, हे प्रश्न विचारता येतात आणि विचारायला हवेत. ‘जागतिकीकरणाने मारलं’ एवढं म्हटलं की ते विचारायची गरज उरत नाही.

आणि या बाजूचा खरा घोटाळा पुढेच आहे. मराठवाड्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत हलाखीचं स्थलांतर कुठल्या धंद्यात आहे? साखरेच्या. आणि या देशात अगदी कमी जागतिकीकरण झालेल्या धंद्यांत कोणता येतो? तोही साखरच. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवतं. साखरेचा किमान विक्रीदर केंद्र ठरवतं. निर्यात किती करायची, करायची की नाही, तेही केंद्रच सांगतं. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं, हा नियम राज्याचा. पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला तो पन्नासच्या दशकाच्या तोंडावर, ‘खाउजा’ (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) हा शब्द कुणाच्या कानावर पडण्याच्या चाळीस वर्षं आधी. पश्चिम महाराष्ट्रात धरणं झाली, पाट आले, ऊस वाढला, कारखाने वाढले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातला कोरडवाहू माणूस मोडला आणि या कारखान्यांच्या फडांवर टोळ्यांच्या टोळ्या जाऊ लागल्या. एकाच राज्यात एका बाजूला पाणी नेलं आणि दुसऱ्या बाजूने माणसं आणली. प्रादेशिक असमतोलावर १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेषाचे आकडे मांडले, २०१३ मध्ये केळकर समितीने पुन्हा मांडले. वैधानिक विकास मंडळ आलं आणि २०२० मध्ये त्याची मुदत संपून गेली. जायकवाडीत वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं यावरून पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा तंटा होतो. यात वॉशिंग्टनचा, जिनिव्हाचा संबंध कुठे आला?

उलट, परदेशी बाजाराशी बांधलेला धंदा जिथे आला, त्या वाळूज-शेंद्र्याला काय झालं? वाळूजला १९८५ मध्ये स्कूटरचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे छोटे-मोठे शेकडो कारखानदार उभे राहिले, आणि वैजापूर-गंगापूर-पैठणच्या पोरांना मुंबई न गाठता पगार मिळायला लागला. तिथे आज कंत्राटदाराचा सुळसुळाट आहे, वर्षानुवर्षं ‘ट्रेनी’ म्हणून राबवून घेतात, हेही मला ठाऊक आहे. पण वाळूजच्या कंत्राटी कामगाराला निदान भविष्य निर्वाह निधीचा नंबर असतो. फडावरच्या माणसाला काय असतं?

तेरला (जुनं तगर) आणि पैठणला जाऊन आलेल्या कुणालाही परदेशी व्यापाराची एवढी भीती वाटू नये. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात ‘तगर’ आणि ‘पैठण’ ही दोन्ही नावं आहेत. इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात होता आणि तिथून रोमच्या साम्राज्यात. बरं, गेल्या पन्नास वर्षांत जग फार मोकळं झालं असं आपण म्हणतो, तर माणसं किती मोकळी झाली? स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात राहणाऱ्यांचं प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १९७० मध्ये जगाच्या लोकसंख्येच्या २.३ टक्के होतं, २०२० मध्ये ३.६ टक्के. पैसा आणि माल यांना दारं सताड उघडली. माणसाला अजून फटीतूनच जावं लागतं. भारतातलं स्थलांतर तर बहुतांश राज्याच्या आतच होतं. आपल्या परिसंवादाचे वक्ते मात्र नकाशावर पासपोर्टाएवढं लांब बघतात, आणि शेजारचा जिल्हा त्यांच्या नजरेतून सुटतो.

तेव्हा अटींकडे येऊ, आणि त्यासाठी एका कोयत्याचा हिशेब मांडू. पोळा-दसऱ्याच्या सुमारास मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल वाटतो. जोडीमागे ती हल्ली लाखाच्या घरात गेली आहे. त्यातून आधीचं देणं फिटतं, लग्नकार्य, दवाखाना, बी-बियाण्याची उधारी निघते. फडावर निघताना हातात किराण्यापुरते उरतात. जानेवारी २०२४ मध्ये संप आणि लवादानंतर तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. धडधाकट जोडी पहाटे चारला फडात उतरून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस पाडते, पाला सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची. म्हणजे दोन माणसांचे दिवसाला सातशे-सव्वासातशे. हंगाम एकशेतीस दिवस चालला, एकही खाडा पडला नाही, तर नव्वद-पंच्याण्णव हजार. लाखाची उचल त्यातही पुरती फिटत नाही. ऊस कमी असला आणि कारखान्याचा पट्टा नव्वद दिवसांतच पडला, म्हणजे गाळप बंद झालं, तर तीस-पस्तीस हजार अंगावर राहतात आणि पुढच्या सालची उचल त्याच मुकादमाकडून घ्यावी लागते. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून येणारा पैसा एवढीच काय ती वरकड. शिवाय एखाद्या दिवशी काम चुकलं तर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पाचशे ते हजार रुपये दंड.

हा ‘खाडा’ समजून घेतला की २०१९ साली बीडमध्ये गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांची जी चर्चा झाली, ती वेगळी दिसू लागते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर तोडणी महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. डॉक्टरांनी लुबाडलं, बायका अडाणी, असे दोन निष्कर्ष तेव्हा झटपट निघाले. पाळीच्या दिवसांत विसावा घेतला तर दंड, पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, पोटात दुखतंय तर उद्याही दुखणार; अशा करारात अडकलेली तिशीतली बाई ‘कटकटच नको’ म्हणते, तेव्हा ती तिच्यापुरता हिशेबच करत असते. तो हिशेब तिच्यापुढे कुणी ठेवला?

आणि तिचा मालक कोण? कारखान्याला विचारा. तो म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी पैसे मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, साहेब, मी काल-परवापर्यंत स्वतःच कोयता धरत होतो, टोळी पळून गेली तर माझंच घर गहाण पडतं. यात तो खोटं बोलत नाही. टोळ्यांनी बुडवलेले मुकादमही मराठवाड्यात कमी नाहीत. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी ऊस उत्पादकाच्या बिलातून कापला जातो, म्हणजे शेतकऱ्यालाही वाटतं की मजूर महाग झाला की आपणच मेलो. सगळे एकमेकांकडे बघतात आणि नोकरी देणारा असा कागदावर कुणीच सापडत नाही. लोकसंख्या निम्मी केली तरी ही साखळी तशीच राहील. साखरेच्या आयात-निर्यातीची सगळी दारं लावून घेतली, तरीही राहील.

याच भूमीवर माणसं हलवण्याचे दुसरेही प्रकार होऊन गेले आहेत. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीकरांना हुकूम सोडून देवगिरीला आणलं. माणसं वाटेत मेली, आणि काही वर्षांत राजधानी परत गेली. पुढे तीन शतकांनी हबशी प्रदेशातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक माणूस निजामशाहीत वर चढत गेला. मलिक अंबर. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. दोघांच्याही काळात ना लोकसंख्येचा स्फोट होता, ना मुक्त बाजार. एकाच्या माणसांना ‘चला’ एवढाच हुकूम होता. दुसऱ्याच्या शहरात येणाऱ्याला प्यायला पाणी होतं.

तिसरा एक गट आहे, तो मला मनाने जवळचा आहे, पण त्याच्याशीही भांडायला हवं. तो म्हणतो, गावातच काम द्या, स्थलांतर थांबवा. १९७२ नंतर उभी राहिलेली रोजगार हमी योजना हे महाराष्ट्राचं मोठं देणं आहे. खडी फोडून, नालाबांध-पाझरतलाव करून तेव्हा हजारो घरं तगली आणि त्यातूनच पुढे देशाचा २००५ चा कायदा आला. गावात काम आहे हे माहीत असेल तर मुकादमापुढे मान ताठ राहते, एवढ्यासाठी तरी ते काम हवंच. पण ‘थांबवा’ हे कुणी कुणाला म्हणायचं? गावात सगळ्यांचं सारखं काय होतं? १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलितांची घरं जळाली. तेव्हा जी कुटुंबं नांदेड-परभणी-औरंगाबादच्या वस्त्यांत येऊन राहिली, ती ना पोरं जास्त झाली म्हणून आली, ना कापूस पडला म्हणून. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. तिथे शिकायला आलेल्या पोरांनी गाव सोडलं नसतं, तर मराठवाड्याचं अर्धं वैचारिक जग जन्मालाच आलं नसतं. नर्सी गावचा नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिला, म्हणून आज आपण त्याचं कौतुक करतो. पण तांड्यावरची पोरगी नर्सिंग शिकायला नाशिकला जायला निघाली की आपल्याला गाव ओस पडल्याचं दुःख होतं. जाणं अडवायचं नाही. जाणाऱ्याच्या मागे लागलेली उचल सोडवायची आहे.

त्यासाठी कायदा कुठे आहे, तेही पाहा. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला तो ‘आंतरराज्य’ कामगारांसाठी. २०२० च्या कामगार संहितेतही व्याख्या आंतरराज्य मजुराचीच राहिली. म्हणजे मध्य प्रदेशातून जालन्याला आलेला मजूर त्यात बसतो. केजची जोडी बेळगावच्या कारखान्याला गेली तर तीही बसते. तीच जोडी पुढच्या साली कोल्हापूरला गेली की बसत नाही. कारण कोल्हापूर आपलंच! ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं, ओळखपत्रं निघाली, कारखान्यांकडून टनामागे पैसे घ्यायचं ठरलं, पोरांसाठी वसतिगृहं आली. चांगलंच झालं. पण ओळखपत्रावर मालकाचं नाव नाही. उचल नोंदवलेली, खाड्याला बंदी केलेली, हंगामाअखेर हिशेबाची चिठ्ठी कारखान्याच्या शिक्क्यानिशी हातात देणारी रीत आजही नाही. टनाचा काटा होतो, साखरेचा उतारा दशांशात निघतो, पण कोयत्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. काटा कारखान्याचा असतो, तर चिठ्ठी कारखान्याने का देऊ नये?

आता लोकसंख्येवर बोलणाऱ्यांसाठी एक ताजं काम आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे प्रगणक दारोदार फिरतील ते फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप. बालाघाटावरच्या वाड्या-तांड्यांवर तेव्हा म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं असतील, बाकी कुलपं. तिकडे फडाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत माणसं असतील, पण त्या कोप्या आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलतात, आणि गावच्या पोलिस पाटलालासुद्धा कुठली टोळी कुठली हे ठाऊक नसतं. साखर आयुक्तालयाकडे मात्र कोणता कारखाना किती ऊस गाळतोय याचा रोजचा आकडा असतो, आणि कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कोणत्या फडात कोणती टोळी उतरली आहे याची यादी असते. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ती यादी आताच मागावी. प्रगणकाला गट नंबरानुसार फडावर पाठवावं, आणि मूळ गाव, मुकादम, कारखाना, उचल ही चार माहिती जिल्ह्याने त्याच फेरीत स्वतंत्रपणे टिपून घ्यावी. परिसंवादाला येणाऱ्या कारखान्याच्या अध्यक्षांना शाल देण्याआधी ही यादी मागितली, तरी पुष्कळ झालं.